होडीवाल्या राऊतकाकू

राऊतकाकूंच्या होडीत बूट घालून पाऊल टाकायची सोय नव्हती. डेट्रॉइट नदीवर मे महिन्यातसुद्धा सकाळी बोटं काकडतात. आजूबाजूच्या बोटींवरचे गोरे लोक गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून बसलेले असायचे आणि काकूंच्या होडीत आम्ही दोन थोराड पुरुष लोकरीच्या मोज्यांवर. बूट एका बादलीत. "घरात कोणी बूट घालून येतं का?" एवढाच त्यांचा खुलासा. एकदा मासेमारीचे परवाने तपासणारा अधिकारी आमच्या होडीत उतरू लागला, तर काकूंनी त्याच्या पायांकडे बोट दाखवून "शूज, प्लीज" म्हटलं. तो आधी हसला. मग काकूंचा चेहरा बघून स्वतःच्या बोटीत उभ्याउभ्याच त्याने आमचे परवाने वाचले आणि निघून गेला.

माझा ग्रॅनाइटचा धंदा आहे. या देशात आलो तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर फरशा चढवायचो. आज ॲन आर्बरच्या बाहेर माझं स्वतःचं गोदाम आहे. हे सगळं मी भाव करून मिळवलं आहे, कोणाच्या मेहरबानीने नाही. अशा माझ्या गोदामात एक दिवस सत्तरी ओलांडलेल्या, पंजाबी ड्रेसवर फिशिंगचं जॅकेट घातलेल्या एक बाई आल्या आणि कोपऱ्यातल्या तुकड्यांकडे बघून म्हणाल्या, "यातला एक दे. होडीला नांगर करायचाय."

"देतो की. काय द्याल?"

"पैसे नाही देणार. टाकाऊच आहे तो. मासे देईन."

मी अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी दगड त्यांच्या गाडीत मीच ठेवून आलो. पुढच्या आठवड्यात त्या डबा घेऊन आल्या. रवा लावून तळलेल्या तुकड्या, सोबत सोलकढी. मी उभ्यानेच सगळं संपवलं. "हा वॉलआय," काकू म्हणाल्या. "रावसाची धाकटी बहीण समज. नदीत मिळते. पण माणसाला गप्प बसता आलं पाहिजे." त्याच महिन्यात मी त्यांच्या होडीत जायला लागलो.

काकू मूळच्या रेवदंड्याच्या. इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या. होडी राऊतकाकांनी घेतली होती; काका गेल्यावर लोकांनी ती विकायचा सल्ला दिला, तेव्हा काकूंनी होडीचा ट्रेलर गाडीने मागे घ्यायला शिकून घेतलं. पाण्यात सोडायचा त्यांचा स्पिनर त्या स्वतः बांधायच्या. एकामागे एक दोन गळ, त्यांवर सरळ ताणून लावलेलं गांडूळ, त्याच्या पुढे मण्यांची ओळ आणि ओळीच्या टोकाला पाण्यात गरगर फिरणारं पितळी पातं. दुकानातले मणी त्यांना पसंत नसत. बहिणीकडे न्यू जर्सीला गेल्या की तिथल्या आयसेलिनच्या देशी दुकानातून काळी पोत आणायच्या. दुकानदाराने एकदा कौतुकाने विचारलं, "लग्न कोणाचं आहे, मावशी?" काकू म्हणाल्या, "अजून ठरायचंय. मुलगा पाण्यात आहे."

काळे मणी, मध्ये दोन सोनेरी, पुढे वाटीसारखं पातं. हातात घेतलं की मंगळसूत्रच वाटायचं.

नदीत हा स्पिनर चालवायची त्यांची एक रीत होती. होडीचं तोंड प्रवाहाकडे. मोटर इतकीच चालू, की होडी प्रवाहापुढे किंचित हरत मागे मागे सरकत राहील. शिशाचं वजन तळाला टेकलं की उचलायचं, पुन्हा टेकवायचं. "पातं फिरलं पाहिजे, पळलं नाही पाहिजे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मला स्वप्नातही ऐकू येतं. दोरीला हात लावून डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "शेठ, तुझ्या पात्याला गवत लागलंय." ओढून बघावं तर लागलेलं असायचं.

मला त्या 'शेठ'च म्हणत. होडीतला दुसरा पुरुष म्हणजे गजभिये. नागपूरचा, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, माझ्या नंतर वर्षभराने आला आणि पहिल्याच दिवशी मासा घेऊन घरी गेला. मला मासा लागायचाच नाही. म्हणजे यायचा, दोरी थरथरायची, मी जोरात हिसका द्यायचो आणि वर यायचं अर्धं तोडलेलं गांडूळ.

"अरे, गिऱ्हाईक दुकानाच्या दारात आलं की तू त्याचा हात धरून आत ओढतोस का?" काकू विचारायच्या. "आधी तो शेपटाची चव बघतो. गळाची काठी जरा त्याच्याकडे झुकव. त्याला वाटू दे आपलंच आहे म्हणून. मग उचल."

"माझ्या दुकानात मी ओढतोसुद्धा," मी म्हणायचो.

गजभिये मागून म्हणायचा, "काऊन चिडून राहिले भाऊ? मासा इंग्लिश समजते, मराठी शिव्या नाही समजत."

मग काकूंचे गुडघे बोलायला लागले. देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला राहणाऱ्या मुलीने हट्ट धरला, आणि ऑगस्टमध्ये तिकडे जायचं ठरलं. मी लगेच म्हटलं, "काकू, होडी मला विका." मला ती होडी हवी होती. तशा नव्या होड्या मी दोन घेऊ शकलो असतो. पण मला तीच हवी होती, आणि ती गजभियेला मिळालेली मला बघवली नसती.

"तुला मासा धरता येत नाही. होडी काय अंगणात झाडं लावायला हवीय?" काकू म्हणाल्या. मग थोडा विचार करून त्यांनी सौदा टाकला. "स्वतः बांधलेल्या स्पिनरला स्वतः लावलेला एक मासा घरी नेऊन खा. मी जायच्या आत. होडी तुझी. नाहीतर गजभियेची." आम्ही हातावर हात मारला.

जूनमधल्या एका सकाळी मी बांधलेल्या स्पिनरवर मासा आला. दोरी थरथरली. मी दात दाबून धरले आणि काठी झुकवली. पुन्हा थरथरली. मी अजून झुकवली. मग वजन आलं, असं वजन की काठीचा शेंडा पाण्यात गेला. बऱ्याच वेळाने काकूंच्या जाळ्यात पिवळट सोनेरी, काचेच्या डोळ्यांचा एक दांडगा वॉलआय आला. गजभियेने शिट्टी मारली. मी ओरडत होतो. काकूंनी पकडीने गळ काढला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, आणि सोडून दिला.

"काकू! हे काय केलंत?"

"आज संकष्टी. चतुर्थीला या होडीत मासा मरत नाही."

सोमवार-गुरुवारचे मासे त्या सोडतात हे मला माहीत होतं. चतुर्थीचं कोणी सांगितलं नव्हतं. मी गजभियेकडे बघितलं. तो हात वर करून म्हणाला, "मले काही विचारू नका. मी तुमच्या चतुर्थीच्या बाहेरचा माणूस आहे."

घरी जाऊन मी भांडी आपटली. बायको शांतपणे म्हणाली, "संकष्टी? ती काल झाली. देवळाचा मेसेज आला होता. तुमच्या काकू भारतातलं कॅलेंडर बघत असतील. इथला चंद्र तिकडच्या तारखेला उगवतो का?"

मी त्या क्षणी फोन लावला. "काकू, संकष्टी काल होती! काल काय जेवलात?"

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज. मग, "माशाचं कालवण." आणि मग त्या हसायला लागल्या, इतक्या की त्यांना फोन खाली ठेवावा लागला.

"चूक तुमची. तो मासा हिशोबात धरायला हवा. होडी माझी," मी सांगितलं.

"चूक माझी. शंभर टक्के मान्य. पण घरी नेलेला मासा कुठाय?"

"तुम्हीच सोडलात!"

"म्हणून तर म्हणते, चूक माझी. सौदा तोच."

असं बोलणाऱ्या माणसाशी व्यवहार कसा करायचा? मी ऑगस्टपर्यंत नदीवर गेलोच नाही. त्यांचे फोन घेतले नाहीत. अजूनही हे लिहिताना माझं डोकं तापतं. दुसऱ्या कोणी माझ्या धंद्यात असं केलं असतं तर मी त्याला कोर्टात खेचलं असतं.

ऑगस्टमध्ये त्या गजभियेला घेऊन गोदामात आल्या, मागे ट्रेलरवर होडी. होडीची चावी त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत गजभियेच्या हातात दिली. मी पाठ फिरवली.

"शेठ, इकडे बघ. याच्या सोसायटीत होडी ठेवू देत नाहीत. ती इथे राहील, तुझ्या शेडमध्ये."

"का म्हणून? भाडं कोण देणार?"

"कोणी नाही. तुला दिली असती तर तू एकटा गेला असतास. हा एकटा जाणार नाही, याला जागाच नाही." त्यांनी माझा दंड धरला. "त्या नदीत एकाने मोटर सांभाळायची असते आणि एकाने जाळं. काका गेल्यावर दोन वर्षं मी एकटी जात होते. किती मासे होडीच्या कडेला येऊन सुटले, सांगू? माशांचं जाऊ दे. दाखवायलाच कोणी नव्हतं."

मी बराच वेळ भाव विचारात घेतल्यासारखा उभा राहिलो. मग शेडचं दार उघडलं.

यंदा जूनमध्ये आम्ही दोघं गेलो. मोज्यांवर, अर्थात. गजभियेला म्हटलं, बूट घाल बाबा, आता कोण बघतंय, तर तो म्हणाला, "तुम्हीच घाला आधी." वाटेत आम्ही त्या संकष्टीवरून भांडलो. नदीतही भांडलो, शेजारच्या बोटीतले लोक वळून बघेपर्यंत. मी ठासून सांगितलं की न्यायाने ही होडी माझी आहे. तो म्हणाला, "हो भाऊ, मोटर हळू करा." त्याची काठी वाकली होती.

मासा मोठा होता. कडेला आला आणि होडी बघून पुन्हा खाली गेला. गजभियेने काठी त्याच्याकडे झुकवली. मी मोटर न्यूट्रलला आणली, जाळं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून पाण्यात खोल धरलं, मासा स्वतःहून त्यात येईपर्यंत हललो नाही. इतका घाबरून मी आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीची वाट बघितली नसेल. तो आत आला. मी जाळं उचलून होडीत घेतलं, आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो.