रिकाम्या घागरीवरची तिहाई

मंडळी, लातूरचा कार्यक्रम करून आत्ताच घरी आले. बोटं ठणकून राहिलीत, पण जीव लई थंड झालाय.

मी आमच्या नांदेडच्या फ्यूजन बँडमधे तबला वाजवते. शेवटच्या गाण्यातली तिहाई माझी आहे. एकच तुकडा तीनदा वाजवायचा अन् शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणायचा. माहेरी, लातूरजवळच्या मुरुडला, टँकरच्या रांगेत रिकाम्या घागरीवर बसवली होती मी ती.

बँड चालवणारे गिटारवाले दादा मात्र दर वेळी माइकवर सांगतात, "हे कंपोजिशन माझं." एकदा मी त्यांना बोलले तर म्हणे, "तू नुस्तं वाजव."

आजचा कार्यक्रम दुष्काळाच्या मदतीसाठी होता. माझी आई समोर बसलेली. दादा पुन्हा तेच बोलले.

मग मी नुस्तं वाजवलं. तुकड्यांच्या मधे एकेक मात्रा मोकळी सोडली अन् तिहाई तेवढीच आधी उचलली. ताल कुठंच मोडला नाही. दादांनी मात्र पाठ केल्याप्रमाणं सम यायच्या आधीच गिटारवर दणका दिला. एकट्यानं. ड्रमवाला मात्रा मोजत होता, तो माझ्यासोबत समेवर आला. लोक हसले, आईसुद्धा.

खाली उतरल्यावर दादा फणफणले, "हे काय वाजवलंस?"

म्हटलं, "मला काय विचारता दादा? कंपोजिशन तुमचं हाय."

पुढच्या कार्यक्रमासाठी आणखी एक मात्रा राखून ठेवलीय. वापरू का, ते तुम्ही सांगा.