खिचडीत कांदा

सासूबाई एकाएकी गोड झाल्या आणि मला काळजी वाटायला लागली.

मी काहीही वाढलं तरी "छान झालंय" म्हणायला लागल्या होत्या. लग्नाला वीसेक वर्षं झाली, या बाईंनी माझ्या हातच्या एका पदार्थाला कधी धड "बरा" म्हटलं नव्हतं. त्या पुण्याच्या, मी कोल्हापूरची. आमटीची वाटी तोंडाला लावून विचारायच्या, यात गूळ घातलायस की नुसता दाखवलायस? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी साबुदाण्याच्या खिचडीला जिऱ्याऐवजी मोहरीची फोडणी दिली. मग काय विचारता! प्रत्येक लग्नामुंजीत, बारशात तो किस्सा सांगून झाला. मला न भेटलेल्या लोकांनासुद्धा माझी खिचडी माहीत असायची.

सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना इकडे दुबईला आणलं, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये. इथेही त्यांनी कुणाला सोडलं नाही. खालच्या ग्रोसरीवाल्याला कोथिंबीर कशी ठेवायची ते शिकवलं, लिफ्टमधल्या पोरांना नमस्कार करायला लावला. मी चिडायचे, भांडी आपटायचे. नवरा मरीनातल्या ऑफिसात सुखाने बसायचा आणि आमची जुगलबंदी चालू राहायची. पण घर भरल्यासारखं वाटायचं, हे खरं.

मग त्या गॅस बंद करायला विसरायला लागल्या. मग बाथरूमची वाट. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं तेव्हा नवरा तिथेच रडला, मी घरी येऊन रडले. आणि एका सकाळी मी चहा दिला, तर म्हणाल्या, "अहो बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" त्या दिवसापासून मी त्यांची कुणीच राहिले नाही. माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं वागवायला लागल्या. "ममा, आजी इज सो स्वीट नाऊ," लेक म्हणाली. एक धपाटा द्यावासा वाटला तिला.

अशा माणसांना सांभाळणाऱ्यांचा एक गट महिन्यातून एका शनिवारी दुबईतल्याच करामा भागातल्या एका हॉलमध्ये जमतो. मैत्रिणीने जवळजवळ ढकलूनच मला तिथे पाठवलं. गट चालवणाऱ्या बाई केरळच्या, पूर्वी नर्स होत्या, त्यामुळे सगळं बोलणं हिंदीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, माणूस काहीही चुकीचं बोलला तरी त्याला सुधारायचं नाही. मला हसू आलं. आमच्या सासूबाईंचं अख्खं आयुष्य दुसऱ्याला सुधारण्यात गेलं होतं. हसता हसता मला रडू फुटलं, तेव्हा कुणीतरी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. तिथे असे डबे प्रत्येक टेबलावर असतात.

गटात वसईचे एक काका येतात. आयुष्यभर हॉटेलात नोकरी केली. त्यांची बायको त्यांना चोर समजते, कपाटाला कुलपं लावते, कधी हातही उगारते. साहजिकच सगळे मला म्हणायचे, तुम्ही नशीबवान, तुमच्या आई किती शांत आहेत. दोन-तीन महिने ऐकून घेतलं. मग एकदा माझं टाळकं सरकलं. म्हटलं, मला ही शांत बाई नको आहे, मला माझी खाष्ट सासू परत पाहिजे.

नंतर चहा घेताना काका जवळ आले. "ती चोर म्हणते," ते हळूच म्हणाले, "पण मलाच म्हणते ना. दुसऱ्या कुणाला नाही."

मला त्या माणसाचा हेवा वाटला. अंगावर ओरखडे घेऊन बसलेल्या माणसाचा हेवा, सांगून कुणाला पटणार?

पुढच्या महिन्याच्या शनिवारी आपापल्या माणसांनाही घेऊन यायचं आणि घरून काहीतरी करून न्यायचं ठरलं होतं. मी खिचडी केली. साबुदाणा मुद्दाम जास्त पाण्यात भिजवून त्याचा लगदा होऊ दिला. फोडणी मोहरीची, वर हळद. आणि कांदा. चांगला मूठभर कांदा, मोठा मोठा चिरून. उपासाचा दिवस नव्हता, एवढी लाज मी बाळगली होती. नवऱ्याने कढईत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेला. त्याला कळलं होतं.

मला फार नको होतं हो. "अगं, कांदा?" एवढंच पाहिजे होतं. तो "अगं" पाहिजे होता, मग पुढे त्यांनी माझं माहेर काढलं असतं तरी चाललं असतं. एकदा जरी माझ्यावर नीट ओरडल्या असत्या, तरी मी पुढचे सगळे दिवस त्याच्यावर काढले असते.

हॉलमध्ये खिडकीजवळ त्यांना बसवलं, डिश हातात दिली. पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला थांबल्या. चमच्यातला कांदा बोटाने बाजूला काढला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. कपाळावर आठी पडली. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला आई, बोला.

त्यांनी कांदा तोंडात टाकला.

"छान झालीये हो," म्हणाल्या. "कुणी शिकवली?"

"सासूबाईंनी."

"चांगल्या आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं. "पण फार बोलायच्या मला. आता बोलत नाहीत."

त्यांनी डिश मांडीवर ठेवली. दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वाकून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाल्या, "मलाही एक सून आहे. मीही फार बोलते तिला. बरेच दिवस झाले, दिसली नाही. रागावून गेली असेल. तुम्हाला कुठे भेटली तर सांगाल? म्हणावं, आता ये."

"सांगते," मी म्हटलं.