गोदामातला पहिला प्रश्न

फुसाए तोकोनामी आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिताना मला अहो-जाहो सुचत नाही. आता ती एकोणसत्तर वर्षांची आहे. एकतीस वर्षं तिनं गावाच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदींच्या खिडकीमागे काढली. लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि ते गेले तोवर तो विषय घरातून कधीच निघून गेला होता. गावातलं शेवटचं थिएटर बंद पडलं, तेव्हा तिनं आठ-दहा जणांना गोळा केलं, बंदरावरचं सुक्या मासळीचं रिकामं गोदाम मागून घेतलं आणि पांढरा पडदा ताणून सिनेमे दाखवायला लागली. जागेला नाव चांगलं ठेवलंय, पण सगळे गोदामच म्हणतात. हवा दमट असली की अजून बांगड्याचा वास येतो.

महिन्यातून एकदा, तिसऱ्या रविवारी दुपारी, सिनेमा संपल्यावर तो करणारं माणूस स्वतः येऊन बोलतं. हा फुसाएचा हट्ट. पत्रं ती लिहिते, पाहुण्याला स्टेशनवरून आपल्या खटारा गाडीत घालून ती आणते, मशीन ती चालवते, माइकही तीच धरते. जेवण तेवढं माझ्याकडे. भाताचे गोळे, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं.

पहिला पाहुणा एक म्हातारा दिवेवाला होता, उभा जन्म नट-नट्यांच्या तोंडावर उजेड पाडण्यात गेलेला. समोर अकरा माणसं. फुसाएनं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" अकराच्या अकरा माना खाली. आमच्याकडे चारचौघांत हात वर करणं म्हणजे आगाऊपणा. तो बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला. संध्याकाळी फुसाए येऊन माझ्या दारातल्या पायरीवर बसली.

"योशिनो, पुढच्या वेळी पहिला प्रश्न तू विचारायचा."

"मी? मला काय कळतंय सिनेमातलं?"

"नाही कळत तेच विचार. एकीनं तोंड उघडलं की बाकीचे उघडतील."

बाकीच्यांनी कधी उघडलं नाही. सतरा वर्षं मीच विचारत आले. संध्याकाळचं नामस्मरण झालं की मी रोज चार ओळी वहीत लिहिते, त्यात ते सगळे प्रश्न आहेत. 'शूटिंगच्या दिवसांत जेवणाचं काय करायचात?' हा एकवीस वेळा आलाय. गावाला सगळं ठाऊक होतं. फेरीबोटीचे जुने कप्तान वाकुई पहिल्या रांगेत बसतात. मी आत शिरले की मागे वळून म्हणायचे, "काय योशिनो-सान, आज परत जेवणच, की भांडी घासण्यापर्यंत पोचलात?"

या वसंतात फुसाएचा उजवा खांदा धरला. माइक डाव्या हातात आला. पाहुण्यांना लिहायची पत्रं टेबलावर पडून राहायला लागली. तिसऱ्या रविवारच्या आधी चार दिवस ती आली, पायरीवर बसली, पण बूट काढले नाहीत.

"या वेळी तू हात वर करू नकोस."

"का गं? माझ्या प्रश्नांना कंटाळलीस?"

"कंटाळले, पण तुला नाही. लोकांना पाच-पाच तासांवरून बोलावून आणायचं आणि तू-मी मिळून त्यांच्यापुढे नाटक करायचं. रविवारी एकानं जरी आपणहून हात वर केला, तर चालू ठेवीन. नाहीतर हाच शेवटचा पाहुणा. सिनेमे दाखवू, माणसं बोलावणं बंद."

"आणि माझा हात चुकून वर गेला तर?"

"तर तो हात घरी घेऊन जा, परत येऊ नकोस." ती हसायला गेली आणि नुसता खोकला आला. चहा घे म्हटलं, तर उठवत नाही म्हणाली. मग तिथंच पायरीवर दिला.

रविवारी पहाटे देव्हाऱ्यापुढे गरम भात ठेवला, उदबत्ती लावली, नाम घेतलं. आमच्या बौद्ध पंथात मागणं नसतं. नाम घ्यायचं ते उपकार आठवायला, असं सासूबाई सांगायच्या. तरी त्या दिवशी मागितलंच. एक हात. कुणाचाही चालेल.

पाहुणी होती हिरोनाका नावाची तरुण दिग्दर्शिका. एका बेटावरच्या शेवटच्या न्हाव्यावर तिनं सिनेमा केला होता. त्रेचाळीस माणसं आली. सिनेमात म्हातारा न्हावी दुकानाला शेवटचं कुलूप लावतो, तेव्हा कप्तानांनी मोठ्यानं नाक शिंकरलं. मुलगी बोललीही छान, अडखळत पण मनापासून. मग फुसाए पुढे झाली.

"कुणाला काही विचारायचंय?"

सगळं गोदाम वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. कप्तान कुजबुजले, "अहो योशिनो-सान, डोळा लागला की काय?" मी मान हलवली नाही. छपराच्या पत्र्यावर एक समुद्रपक्षी चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. फुसाएनं माइक या हातातून त्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्या तोंडाशी जेवणाचा प्रश्न आला होता, तो गिळला.

"नसेल काही, तर इथंच थांबू," ती म्हणाली आणि कमरेत वाकली. टाळ्या झाल्या. माणसं उठली.

भाषण संपलं की फुसाए आत थांबते. माइक गुंडाळते, खुर्च्यांवरच्या उशा गोळा करून रचते, झाडते, मशीनवर कापड घालते. मी मागच्या मोरीत साराच्या वाट्या धुते. पाहुणा बाहेर, दाराजवळच्या टेबलाशी उभा राहून सिनेमाच्या पुस्तिकेवर सही करून देतो. असं ठरूनच गेलेलं. त्या दिवशी मात्र ती उशीकडे वाकली आणि खांदा धरून तशीच राहिली.

"सोड. उशा मी बघते. तू बाहेर जा."

"बाहेर काय आहे?"

"खुर्ची आहे."

वाद घालायचं बळ नव्हतं म्हणून गेली.

उशा रचून झाल्या तरी बाहेरचा गलका थांबेना. दाराचा पडदा सारून बघितलं तर टेबलापासून रांग निघाली होती. ती छत्र्यांच्या घडवंचीला वळसा घालून थेट रस्त्यावर. झाडून सगळे होते. एकेक जण पुढे जायचा, वाकायचा आणि पुस्तिका हातात धरून खालच्या आवाजात बोलायचा. टोफूवाल्या हानाओका-सान विचारत होत्या, "दुकानातला तो आरसा आता कुणाकडे असतो हो?" त्यांच्यामागे कप्तान. "त्यांचा हात थरथरायचा ना? मग शेवटी शेवटी वस्तरा कोण धरायचं?"

"कुणीच नाही," मुलगी म्हणाली. "गिऱ्हाइकं नुसती बसून जायची. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

फुसाए दाराशी खुर्चीत बसली होती, कोट मांडीवर. कप्तान सही घेऊन वळले तेव्हा तिनं विचारलं, "कप्तान, अशी रांग दर वेळी असते?"

"दर वेळी. त्या दिवेवाल्यापासून. त्याची गाडी चुकवली होती आम्ही, आठवत नाही?"

"मला वाटलं, तो चालत निघाला आणि रस्ता चुकला."

"तुम्ही आत असता ना."

"मग आत का नाही विचारत?"

"आत? चाळीस माणसांदेखत?" कप्तान खरोखर दचकले. "आणि आत आमच्या वतीनं योशिनो-सान असतातच की. आज मात्र फसवलंत हां, योशिनो-सान. पाहुणीला काय वाटलं असेल!"

फुसाएनं माझ्याकडे पाहिलं. "सतरा वर्षं मी आत उशा मोजत होते."

"मी वाट्या धूत होते."

पाहुणीला स्टेशनवर सोडलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी फलाटावर वाकून उभ्या होतो. सरळ होताना फुसाएनं माझा दंड धरला.

"प्रश्नांचा वेळ काढून टाकू," परतीच्या वाटेवर ती म्हणाली. "टेबल मोठं लागेल. आणि उशा दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"म्हणजे चालू ठेवणार?"

"हात कुठं वर झाला? अट माझीच होती, मोडतेही मीच." तिनं गाडी माझ्या दारात उभी केली, इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मला आता आनंद व्हायला हवा ना, योशिनो? नुसतंच दमल्यासारखं वाटतंय."

"दमलीच आहेस."

"हं."

मी उतरले. दार लावता लावता विचारलं, "पुढच्या महिन्यात कोण?"

"एक आवाज टिपणारा आहे. पावसाचे, पावलांचे आवाज भरतो सिनेमात. पत्र लिहायचं राहिलंय. उद्या लिहीन." तिनं खांदा चोळला. "उद्या नको. परवा."