उद्धवरावांची दुपारची झोप

भूकंपाने लातूरकडच्या लोकांचं काय काय नेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उद्धवराव औरादकरांना मात्र त्याने तीन मजली बिल्डिंग दिली. त्र्याण्णवच्या दिवाळीत अख्खं लातूर मैदानात अंथरुणं टाकत होतं, तेव्हा या सरकारी कारकुनाने पतसंस्थेचं कर्ज मंजूर करून घेतलं आणि शेषेराव नावाच्या घाबरलेल्या घरमालकाला गाठलं. जिन्यातल्या एकेका भेगेत बोट घालून उद्धवराव नुसतं "अरेरे" म्हणायचे आणि दर अरेरेला शेषेराव पाच हजारांनी खाली यायचे. इतकी कामसू वृत्ती ऑफिसात कुणी कधी पाहिली नव्हती.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरू लागली. उद्धवरावांनी भेगा लिंपल्या, प्लायवूड ठोकून एका खोलीच्या तीन केल्या आणि भाडं खोलीला नव्हे, कॉटला लावलं. चौसष्ट कॉट. पोराला सोडायला आलेल्या बापापुढे ते खांबावर थाप मारून सांगायचे, "निर्धास्त राहा. भूकंप पचवलेली बिल्डिंग आहे."

स्वतः मात्र ते अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. भूकंपाच्या वर्षी तात्पुरती म्हणून उभी केलेली ती शेड. तिथे पुढे फ्रिज आला, देव्हारा आला, नव्या सुनेला बघायला पाहुणेही तिथेच येऊन गेले. उन्हाळ्यात पत्रा तापला की गोदावरीबाईंच्या अंगाची लाही लाही व्हायची. "वर एक खोली घेऊ या की," असं त्या म्हणाल्या तर उत्तर ठरलेलं, "सहा कॉटचं भाडं बुडतं." खरं कारण बाईंना माहीत होतं. नवऱ्याची अब्रू म्हणून त्या गप्प बसायच्या.

दोन हजार दहा साली उद्धवरावांना नांदेडचं वेड लागलं. लातूरचे भाव आता वर जाणार नाहीत, खरा पैसा नांदेडात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, त्यामुळे समजावायचं तरी कुणाला? तिथल्या क्लासच्या गल्लीत एका बिल्डिंगीला त्यांनी नऊ लाखांचा इसार देऊन टाकला. उरलेले पैसे पाडव्यापर्यंत द्यायचे, नाही तर इसार बुडाला. म्हणजे त्याआधी लातूरची बिल्डिंग विकणं भाग होतं.

पाडव्याला आठ दिवस असताना गिऱ्हाईक आलं. विनोद सोनकांबळे, इंजिनिअर, सोबत आई पंचफुलाबाई. मूळचे किल्लारीकडचे. विनोदने खांब ठोकून पाहिले, गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "काम पक्कं आहे, काका." भाव ठरला, चेकबुक बाहेर निघालं.

पंचफुलाबाई तोवर शेडमध्ये चहाला बसल्या होत्या. त्यांनी पलंग पाहिले, देव्हारा पाहिला.

"बाई, एवढी माडी सोडून तुमी पत्र्यात का ऱ्हाता?"

गोदावरीबाई चहा गाळत सहज बोलून गेल्या, "स्लॅबखाली यांना झोप लागत नाही, मावशी. भूकंपापासून."

पंचफुलाबाईंनी चहा तसाच ठेवला आणि त्या बाहेर आल्या. "भाऊ, एक काम करा. वर जाऊन घंटाभर झोपा. तुमी उठून खाली आलात की माझा लेक चेक फाडंल."

उद्धवराव हसले. दुसरं कुणी हसलं नाही. नऊ लाख आठवून ते जिना चढले.

दुसऱ्या मजल्यावर एका पोराच्या कॉटवर ते डोळे मिटून पडले. वीस मिनिटं त्यांनी जिवाच्या कराराने काढली. एवढ्यात वरच्या मजल्यावर पोरं लोखंडी कॉट ओढू लागली. स्लॅब गुरगुरला, प्लायवूड थरथरलं. उद्धवराव उठले ते सुटलेच. गणितं सोडवत बसलेल्या पोरांमधून, त्यांच्या चपला तुडवत, अनवाणी, थेट अंगणाच्या मधोमध. तिथे ते डोक्यावर हात धरून उभे राहिले.

"काका, काय झालं?" गॅलरीतून एका पोराने विचारलं.

"वरच्या पोरांनी कॉट सरकवली," विनोद हसू दाबत म्हणाला. त्याची आई हसली नाही.

"भूकंपच वाटला ना, भाऊ?"

"वाटला," उद्धवराव धापा टाकत म्हणाले.

"मग वरच्या पोरांना हाक का न्हाई मारली?"

उद्धवरावांनी डोक्यावरचे हात खाली घेतले.

"आमच्या शेजारणीनं हाक मारली म्हणून हा माझा लेक आज उभा हाय. ती आतच राहिली." पंचफुलाबाई विनोदकडे वळल्या. "भिंती लई चांगल्या असतील, बाबा. पण ह्या माणसाच्या हातून घर न्हाई घ्यायचं. चल."

पाडव्याला नऊ लाख बुडाले. नांदेडवाल्याने फसवलं, असं उद्धवराव अजून सांगत फिरतात. गोदावरीबाई त्यात पडत नाहीत. गिऱ्हाईक गेलं त्याच संध्याकाळी त्यांनी आपली वळकटी उचलली आणि त्या जिना चढू लागल्या.

"वर कुठे निघालीस? कॉट अडेल एक!" उद्धवराव खालून ओरडले.

"कॉट नको मला. जिन्यापाशी फरशीवरच टाकीन," त्या म्हणाल्या. "पोरांना हाक मारायला कुणीतरी वर पाहिजे."