सुखबतीची साक्ष वाचणारे गोविंदराव

श्री. गोविंदराव पाठराबे यांना मी प्रथम पाहिले ते दुर्गच्या कचेरीत, जुन्या दप्तरांच्या खोलीत. ती दप्तरे त्यांच्याच ताब्यात असत. ते एकटेच उभे राहून मोठ्याने वाचत होते. समोर कोणी नव्हते. मी दारात थबकलो, तेव्हा त्यांनी हाताने थांबायची खूण केली आणि पान संपवूनच वर पाहिले.

"साक्ष होती," ते म्हणाले. "बाईनं उभं राहून देल्ली, मंग मी बसून कसा वाचू? तुमी कावून आले?"

भिलाईच्या कारखान्याची तेव्हा पायाभरणी चालली होती. मी भंडाऱ्याकडून येऊन सर्व्हेच्या कामावर लागलो होतो. एके दिवशी नकाशावर, रिकाम्या करायच्या गावांत, कोसमपार हे नाव दिसले आणि मी हादरलो. माझे आजोबा रामाजी शेवटच्या तापात दोनच नावे घेत होते: कोसमपार आणि सुखबती. आमच्या घरात त्यांचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. आजोबांचे मूळ गाव, आईबाप, काहीच ठाऊक नव्हते.

हे ऐकून गोविंदरावांनी मला मूर्खात काढले नाही. पुढचे तीन रविवार त्यांनी स्वतःचे म्हणून ठेवले नाहीत. लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे बस्ते सोडून, कडुनिंबाचा वाळका पाला झटकून, इंग्रजी अमदानीतले दावे ते एकेक करून चाळत राहिले. चौथ्या रविवारी दुपारी त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला.

कोसमपारच्या एका माणसाने आपल्या थोरल्या भावाला मृत ठरवण्यासाठी केलेला तो दावा होता. भाऊ रामाधीन दुष्काळात घर सोडून गेला, सात वर्षांहून अधिक काळ कोणाला दिसला नाही. ओळखीची खूण, उजव्या कानाची पाळी फाटलेली. माझ्या आजोबांचा उजवा कान तसाच होता. खाली हुकूम होता: रामाधीन मृत समजावा. त्या तारखेनंतर दोन वर्षांनी माझे वडील जन्मले होते.

"कागदानं पाह्यलं तर तू मेलेल्याचा नातू हायेस," गोविंदराव हळूच म्हणाले. मग ते उभे राहिले आणि रामाधीनच्या बायकोची, सुखबतीची, साक्ष मराठीत करून वाचू लागले: "माझा धनी मेला नाही. रोज सांजेला येतो, दारात उभा राहतो, पाणी मागतो. लोटा आणेपर्यंत निघून जातो."

आजोबा भंडाऱ्याच्या घरी रोज दिवेलागणीला दारात जाऊन उभे राहत, पूर्वेकडे तोंड करून. आजी पाणी नेऊन देई. ते हात पुढे करत आणि घेत नसत.

साक्षीच्या खाली शेरा होता: साक्षीदार भ्रमिष्ट दिसते.

गोविंदरावांची सचोटी सगळ्या कचेरीला माहीत आहे. एक बडे गृहस्थ आपल्या दाव्यातले पान नाहीसे करा म्हणून आले होते. गोविंदरावांनी त्यांना बसवून त्यांच्याच आजोबांची जबानी वाचून दाखवली. गृहस्थ चहा न घेता निघून गेले. पण मला त्या सचोटीची खरी ओळख कोसमपारला पटली.

तिथे रामाधीनची मुलगी अजून होती. बिसाहिन तिचे नाव, साठीची, आंधळी. अर्धे गाव उठले होते, यंत्रे शिवेपर्यंत आली होती, आणि ती घर सोडत नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. माझ्या पावलांचा आवाज ऐकून ती लोटा घेऊन दारात आली आणि छत्तीसगढीत म्हणाली, "आ गेस, ददा?"

ददा म्हणजे बाप; 'आलास का?' असे ती विचारत होती. ती सुखाने घर सोडेल म्हणून मी 'हो' म्हणणार, तोच गोविंदरावांनी माझे मनगट धरले.

"हो म्हणू नको. खोटी साक्ष आपल्याच्यानं होनार नाही."

त्यांनी तिला आम्ही कोण ते सांगितले आणि अंगणात उभे राहून तिच्या आईची साक्ष मूळ शब्दांत वाचायला घेतली. दुसऱ्या वाक्यापासून म्हातारी पुढचे वाक्य आधीच बोलू लागली. शब्दाला शब्द. गोविंदरावांनी वाचन थांबवले नाही.

"आईनं शिकवलं होतं का तुमाले?" त्यांनी शेवटी विचारले.

तिने नाही म्हणून मान हलवली. आई याविषयी कधी बोललीच नव्हती. आई गेल्यावर हे रोज सांजेला कानी पडू लागले, ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे तोंड वळवले. "त्याने शेवटी पाणी प्यायले का?"

"प्यायले," मी म्हणालो. "मीच पाजले."

हे खरे होते. मग हातातला लोटा तिने मला दिला. मी तो रिकामा केला. दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर आली.

त्याला आता काही वर्षे झाली. बिसाहिन आत्या आमच्या क्वार्टरमध्ये असते. आमच्या वंशावळीत तिचे नाव गोविंदरावांनी स्वतःच्या अक्षरात घातले. ते अजून येतात, कारण आत्या आता त्यांना कोणत्याच कागदावर नसलेली नावे सांगते, आमच्या मागच्या पिढ्यांची. कुठून कळतात ते ती सांगत नाही. गोविंदराव विचारत नाहीत, नुसते लिहून घेतात. त्यांतली चार नावे त्यांना पुढे बस्त्यांत सापडली, सांगितली तशीच, सांगितली त्याच क्रमाने.

गोविंदराव साठ वर्षांचे झाले, हे मी आत्याला सांगितले. "त्याला म्हणावं, माझं अर्धंही सांगून झालं नाही," ती म्हणाली. गोविंदरावांच्या डोळ्यांना तेज आणि बोटांना बळ पुरो, पुष्कळ वर्षे पुरो. ज्यांची नावे कोणी लिहिलीच नाहीत, ती माणसे त्यांच्यापुढे रांग लावून उभी आहेत.