विहिरीची वाट आणि वकीलबाई

तुम्ही शेवटची सही केलीत तो कागद तुमच्या वकिलाने लिहिला होता, की समोरच्याच्या?

मी वाढले कामगार युनियनच्या पत्रकांवर. वडील यंत्रमागावर कामाला होते. पाळी सुटली की खिशातून पत्रक काढून आम्हाला मोठ्याने वाचायला लावायचे. त्यामुळे 'कंपनी' म्हटलं की माझ्या मुठी वळायच्या. पुढे सोलापूरच्या कोर्टाजवळ एका वकीलबाईंकडे मी टायपिंगला लागले.

एका दुपारी अक्कलकोटकडच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांची घरची भाषा कन्नड, म्हणून आम्ही त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणायचो. त्यांचा पाच एकर माळ सौरऊर्जेच्या कंपनीला एकोणतीस वर्षांच्या भाड्याने हवा होता. बरोबर कंपनीचा माणूस, करारनामा तयार.

"मॅडम, दोन्हीकडून तुम्हीच बघा," तो म्हणाला. "आपल्याकडं असंच चालतं की. तुमची फी आमी देतो."

खोटं नव्हतं ते. भांडण नसलं की दोघांचा एकच वकील, ही आमच्याकडची सोयीची रीत.

वकीलबाईंनी चष्मा पुसला. "मी अव्वांची वकील. माझी फी त्याच देतील, जमेल तशी. तुमचा वकील तुम्ही आणा."

"पण भांडण कुटं हाय, मॅडम?"

"नाही ना? मग आत्ताच ठरवू या, कोण कुणाचं ते."

तो फोनवर बोलायला बाहेर गेला, तशी मी अव्वांना म्हणाले, "सही करू नका. हे लुटारू असतात."

"मग माळावर काय पेरू? तुझं भाषण?"

बाई खळखळून हसल्या.

मग बाईंनी वाचायला घेतलं. एकेक कलम कन्नडमध्ये सांगायचं, थांबायचं, आणि अव्वांनी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. चुकलं तर पुन्हा. बाईंची ही पद्धतच होती. त्यापायी त्यांच्याकडे पक्षकार ताटकळायचे. कंपनीने करारनामा आदल्या दिवशीच पाठवला होता आणि मी तो सकाळी तीनदा वाचला होता. फसवणूक असली तर भाड्याच्या आकड्यात असणार, असं धरून तेवढंच तपासलं होतं.

'संपूर्ण गटाला कुंपण घालण्याचा हक्क' हे कलम आलं आणि अव्वांनी बाईंचा हात धरला.

"सगळ्याला? मग बावी?"

बावी म्हणजे विहीर. ती माळाच्या पलीकडच्या कोपऱ्यात होती. अव्वांच्या दुसऱ्या रानाला आणि दोन म्हशींना तिचंच पाणी, आणि तिथे जायची वाट माळावरूनच. कुंपण पडलं असतं तर ते रानही गेलं असतं.

"फाटक उघडं ठिवतो की, अव्वा," आत येऊन कंपनीचा माणूस म्हणाला.

"व्हय? एकोणतीस वर्सं तू हितंच बसणार हाईस?"

बाईंनी ते कलम खोडलं. विहीर आणि वाट नकाशात वेगळी दाखवली. मुदत संपल्यावर पॅनेल आणि खांब कंपनीने काढून न्यायचे, हेही घातलं. मला वाटलं, आता हे लोक परत येत नाहीत. पण आठवड्याने ते स्वतःचा वकील घेऊन आले आणि सगळं मान्य केलं. त्या वकिलानेच सांगितलं, वाटेवरून कज्जा होईल अशा जमिनीवर बँक कर्ज द्यायला कचरते.

बाईंनी पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवलं. तेव्हाच अव्वांनी सही केली, कन्नडमध्ये, एकेक अक्षर दाबून.

"ही वीज मलाही हवी आहे," त्या गेल्यावर बाई मला म्हणाल्या. "पण अव्वांचं पाणी तोडून नको."

इतकं साधं मला एकाही पत्रकाने सांगितलं नव्हतं. मध्यंतरी मी तिकडे गेले होते. माळभर पॅनेल, आणि कडेच्या वाटेने अव्वा म्हशी घेऊन विहिरीकडे निघालेल्या.

तुमच्या गावात असा करारनामा आला असेल, तर सहीआधी वकिलाला विचारा, "तुम्ही कुणाचे?" मग त्याला तो तुमच्या भाषेत मोठ्याने वाचायला लावा, आणि शेजारच्या अव्वालाही सोबत घेऊन बसा.