तिसऱ्या दोरीवरची पांढरी साडी

धर्मशाळेत उतरायचं तर दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा पक्का नियम होता. तो मी तोपर्यंत एकदाही मोडला नव्हता, कारण तोपर्यंत मी एकाही धर्मशाळेत उतरले नव्हते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कणकवलीला राहायचो. माझी धाकटी नणंद कुंदा तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलुंडला मुलाखतीला बोलावलं होतं. प्रवेश मिळाला तर तीन वर्षांचं शिक्षण आणि पुढे नोकरी. नाही मिळाला तर वैशाखात लग्न. स्थळ सासूबाईंनी हेरून ठेवलं होतं: कुडाळचा एक दुकानदार, वय छत्तीस, पहिली बायको वारलेली. कुंदाने मुलाखतीचं पत्र उशीखाली ठेवायला सुरुवात केली होती.

घरातल्या पुरुषांना रजा नव्हती, म्हणून तिच्यासोबत मी निघाले. एसटी सुटताना सासूबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "सांभाळून व्हर, सांभाळून हाड." जशी नेतेस तशीच आण! मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना.

(हे वाक्य मी पुढच्या आयुष्यात फार जपून वापरलं.)

मालाडला चुलतसासरे होते, पण त्यांच्या एका खोलीत आधीच नऊ माणसं आणि एक बाळंतीण. त्यांनीच त्यांच्या शेठची चिठ्ठी आणून घाटकोपरच्या एका गुजराती धर्मशाळेत आमची सोय केली. सासूबाईंनी दिलेला सुक्या बांगड्यांचा डबा मी आधी मालाडला पोचता केला आणि मगच घाटकोपर गाठलं. तेवढी अक्कल मला होती.

धर्मशाळा स्वच्छ होती. वरच्या मजल्यावर बायकांचा हॉल, ओळीने तीस खाटा, प्रत्येक खाटेवर कापसाची गादी. खाली पुरुषांचा हॉल, त्याच्या शेजारी सभेची खोली आणि दाराशी मेहताजी. मेहताजी म्हणजे तिथले व्यवस्थापक, पांढरी टोपी आणि कपाळावर कायमची आठी. त्यांच्या डोक्यावर पाटी होती. कांदा-लसूण आणू नये. सूर्यास्तानंतर आवारात जेवू नये. जाताना गादी परत करावी. आपल्या सामानाची जबाबदारी आपली.

शेवटची ओळ वाचून मला बरं वाटलं. चला, कुणीतरी शहाणं माणूस आहे इथे.

"कुंदा, ऐक," मी खाटेवर बसून वर्ग घेतला. "स्वतःचं कुलूप लावायचं. साबण वापरला की लगेच पिशवीत. पेला कुणाला द्यायचा नाही. पैसे कनवटीला, घड्याळ उशीत, कपडे गादीखाली. बाथरूमची रांग पहाटे पाचला धरायची. आणि कुणी गोड बोललं तर समजायचं, काहीतरी मागणार."

"वैनी, आपण दोन दिवसांसाठी आलोय की लढाईवर?"

"फिदीफिदी हसू नकोस. साडी काढ."

कारण मुलाखतीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: उमेदवारांनी पांढऱ्या साडीत हजर राहावे. त्यासाठी मुद्दाम कोरी पांढरी साडी घेतली होती आणि मी तिच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने बारीक 'कुं' घातला होता. प्रवासात पिशवीला धूळ लागून साडी पिवळट दिसायला लागली होती. मी दुपारी ती धुतली, गच्चीवर नेली आणि तिसऱ्या दोरीवर, पाण्याच्या टाकीच्या अगदी जवळ, वाळत घातली. जागा नीट लक्षात ठेवली. मग मालाडहून आणलेल्या भाकऱ्या सूर्यास्ताच्या आत खाल्ल्या, बाकीची आवराआवर केली आणि नऊला झोपले.

सकाळी सहाला गच्चीवर गेले आणि जागच्या जागी उभी राहिले.

सगळ्या दोऱ्यांवर पांढऱ्या साड्या! आदल्या संध्याकाळी एक मोठं गुजराती कुटुंब उतरलं होतं. त्यांची आजी वारली होती आणि त्या दिवशी खालच्या खोलीत तिची प्रार्थनासभा होती. घरातल्या सगळ्या बायका पांढऱ्या साडीत. त्यांनी पहाटे अंघोळी करून साड्या वाळत घातल्या होत्या. तिसऱ्या दोरीवर, टाकीच्या अगदी जवळ, एक पांढरी साडी होती. तिला 'कुं' नव्हता.

मी बावीस साड्यांचे अठ्ठ्याऐंशी कोपरे तपासले. एकावरही लाल दोरा नाही. ज्या अर्थी साडी दोरीवर नाही, त्या अर्थी ती कुणाच्या तरी अंगावर आहे. (मला गणितात नेहमी चांगले गुण असत.)

खाली आले तर कुंदा वेणी घालत होती.

"वैनी, साडी?"

"बदलली गेली. त्या लोकांकडे गेली."

कुंदाचे हात थांबले. "मग मी निळी नेसून जाते."

"पत्रात पांढरी लिहिलंय."

"मग नवीन आणूया?"

"दुकानं साडेदहाला उघडतात आणि मुलाखत अकराला मुलुंडला. तू वेणी घाल. मी बघते."

तिने वेणीचे उरलेले पेड घातले. मग अगदी हळू म्हणाली, "वैनी, त्या कुडाळच्या माणसाला दात पण नाहीत गं पुढचे."

मी तडक मेहताजींकडे गेले. "आमची साडी त्यांच्यातल्या कुणीतरी नेसलंय. विचारा जरा."

मेहताजी खुर्चीतून अर्धे उठले. "बेन! त्यांच्या घरी मरण झालंय. आज साडीचं विचारायचं?"

"मग मी काय करू?"

मेहताजींनी बोट वर करून पाटी दाखवली. शेवटची ओळ.

साडेआठला सभा सुरू झाली. समोर आजीचा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढे समई. सतरंजीवर चाळीसेक बायका मान खाली घालून बसलेल्या. मी दारातून आत शिरले. मी हिरव्या साडीत होते. त्या पांढऱ्या गर्दीत मी भातावर पडलेल्या मिरचीसारखी दिसत असणार. पण दुःखात असलेली माणसं भली असतात. दोघीतिघींनी सरकून मला जागा करून दिली.

विचारायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बघायचं नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं. मी मान खाली घातली आणि शेजारणीच्या पदराचं टोक बघितलं. नाही. पुढे वाकून तिच्या पुढचीचं बघितलं. नाही. नीट दिसावं म्हणून मी फोटोला नमस्कार केल्यासारखं करून कपाळ सतरंजीला टेकवलं आणि तिथूनच डावीकडे-उजवीकडे नजर फिरवली. असे मी सात-आठ नमस्कार केले. दर नमस्काराला एक-दोन हात पुढे सरकत होते. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी हातात रुमाल दिला. मागून एक आवाज आला, "बिचारी, बहुत दुखी है."

नवव्या नमस्काराला मी थेट फोटोपाशी पोचले. डोकं वर केलं तर सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

फोटोशेजारचे म्हातारे गृहस्थ डोळे पुसून म्हणाले, "बेन, लगता है आप बा को बहुत मानती थी. दो सबद बोलो."

आता मी काय बोलणार! बा म्हणजे वारलेली आजी एवढं कळलं, पण मला बांचं नावही ठाऊक नव्हतं. मी फोटोकडे पाहिलं. जाड काचांचा चष्मा, डोक्यावरून पांढरा पदर, आवळलेले ओठ. कुणाचं ऐकून घेणारी बाई दिसत नव्हती. मी उभी राहिले आणि डोक्यात सकाळपासून जे घोळत होतं तेच माझ्या हिंदीत बाहेर पडलं.

"बा बहुत अच्छी थी. बा ने कभी दूसरे का चीज नहीं लिया. कभी गलती से लिया, तो तुरंत वापस किया."

मी क्षणभर थांबून सगळ्यांकडे बघितलं, कुणाला काही आठवतंय का म्हणून. आठवलं, पण भलतंच. सगळी सभा हुंदके देऊन रडायला लागली.

मी बाहेर व्हरांड्यात आले. मागोमाग एक पन्नाशीची बाई आली. आजीची थोरली सून, हंसाबेन.

"आप बा को कहाँ मिली थी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण खोटं बोलायला वेळ लागतो आणि नऊ वाजून गेले होते. मी सगळं सांगितलं. साडी, तिसरी दोरी, मुलुंड, अकरा वाजता. कुडाळच्या माणसाच्या दातांचंही सांगितलं.

हंसाबेन वळून वर गेली. आता ही मेहताजींना बोलावणार, आमच्या पिशव्या रस्त्यावर येणार! पण ती परतली तेव्हा तिच्या हातात घडी न मोडलेली पांढरी साडी होती.

"हमसे हुआ है तो हम ही देंगे. बा की है, नई है. लड़की को पहनाओ."

"बा की?" मी दचकले.

"बा होती तो वो भी देती," हंसाबेन म्हणाली. "लेकिन पहले आपको बराबर डाँटती."

मी साडी घेतली. कुंदाला साडी कुणाची ते सांगितलं नाही. सासूबाईंना तर आजपर्यंत ठाऊक नाही. कुंदाने ती चापूनचोपून नेसली आणि खरं सांगायचं तर आमच्या साडीपेक्षा ती तिला बरी दिसली. आम्ही साडेदहाला मुलुंडला पोचलो. मुलाखत झाली. तीनला यादी लागली. सातवं नाव कुंदाचं. तिने ते बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, आता तो कुडाळकर कवळी लावो नाहीतर सोन्याचे दात."

पाचला आम्ही गाशा गुंडाळला. हॉलमध्ये हंसाबेनच्या घरच्या बायकाही आवरत होत्या. मी ठरवलं होतं की साडी नीट घडी करून परत द्यायची आणि मोठ्या मनाने म्हणायचं, झालं गेलं विसरून जाऊ, चूक माणसाकडूनच होते. वाक्य हिंदीत जुळवूनही ठेवलं होतं.

तेवढ्यात मेहताजी गाद्या मोजायला आले. त्यांनी माझी गादी उचलली.

गादीखाली पांढरी साडी होती. चौपदरी घडी, एक सुरकुती नाही, धोब्यालाही जमणार नाही अशी कडक इस्त्री. आणि वर आलेल्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने घातलेला 'कुं'.

घरी मी इस्त्रीवर कधी पैसे घालवत नाही. रोज संध्याकाळी वाळलेले कपडे खाली आणायचे, घडी घालायची आणि गादीखाली सारायचे. हे काम माझे हात मला न विचारता करतात. आदल्या संध्याकाळच्या आवराआवरीतही त्यांनी ते केलं होतं आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. रात्रभर मी त्या साडीवर झोपले होते, आणि सकाळी उठून चाळीस शोकाकुल बायकांवर चोरीचा संशय घेतला होता!

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मेहताजींनी गादी तशीच धरून ठेवली होती. कुंदा खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मी बांची साडी दोन्ही हातांनी हंसाबेनपुढे धरली. जुळवून ठेवलेलं हिंदी वाक्य आता चालणार नव्हतं.

हंसाबेनने कोपऱ्यावरचा लाल 'कुं' बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. शेजारची जाऊ हसायला लागली, मग तिची मुलगी, मग पलीकडची म्हातारी. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, आठ दिवसांत घरातलं कुणी हसलं नव्हतं.

"बा ने दूसरे का चीज नहीं लिया," हंसाबेन कशीबशी म्हणाली, "ये तो आपने एकदम सही बोला था." आणि साडी तिने परत घेतली नाही ती नाहीच.

तीन वर्षांनी कुंदा नर्स झाली. त्या समारंभासाठी मी पुन्हा मुंबईला आले आणि पुन्हा त्याच धर्मशाळेत उतरले. मेहताजींनी मला लगेच ओळखलं. कपाळावरची आठी तेवढ्यापुरती नाहीशी झाली आणि त्यांनी बोट वर केलं.

पाटी नव्याने रंगवली होती. 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली' याखाली एक ओळ वाढली होती: वस्तू हरवल्यास प्रथम आपली गादी उचलून पाहावी.

बाकीचे नियम गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत होते. ही ओळ फक्त मराठीत होती.